आधी पान, मग मासा: मुंबईच्या घरात निसर्गठसे शिकताना

पानाला किंवा माशाला शाई लावायची, त्यावर कागद दाबायचा आणि उचलायचा, एवढीच ही कला आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि पहिला कागद उचलल्यावर त्यावर काळ्या ओल्या डागाखेरीज काही दिसले नाही की तो गप्प होतो. माझ्या पहिल्या बांगड्याचे असेच झाले. मी दोष आधी शाईला दिला, मग कागदाला. खरा दोष बांगड्याच्या अंगावरच्या पाण्याचा होता, हे कळेपर्यंत आणखी चार बांगडे आणि घरच्यांचा बराचसा संयम खर्ची पडला. मुंबईत हे काम शिकू पाहणाऱ्याने म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, की ठशाची निम्मी मेहनत पाणी काढण्यात जाते. माशातले पाणी, पानातले पाणी, कागदातली ओल आणि आपल्या हवेतली ओल या चारांचा हिशेब जमला, की शाईचे काम फारसे अवघड राहत नाही.

माशांच्या ठशांना जपानी भाषेत ग्योताकू म्हणतात. ‘ग्यो’ म्हणजे मासा आणि ‘ताकू’ म्हणजे कोरीव दगडावरून कागदावर उतरवून घेतलेला ठसा. जपानच्या शोनाई भागातल्या सामुराईंना गळाने मासे पकडण्याचा नाद होता आणि पकडलेला मासा केवढा होता याचा पुरावा म्हणून ते असे ठसे ठेवत. आज टिकून असलेल्यांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा ठसा १८३९ सालचा आहे. पानांचे ठसे त्याहून कितीतरी जुने आहेत. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांच्या पानांमध्ये सेज या वनस्पतीच्या पानाचा ठसा आहे, आणि अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकी वसाहतींच्या कागदी नोटांवर पानांचे ठसे छापले ते नोटांची नक्कल करणे कठीण जावे म्हणून, कारण एका पानाच्या शिरांचे जाळे दुसऱ्या पानासारखे नसते. या सगळ्यांत ठसा हा आधी पुरावा होता आणि मग चित्र. शिकताना हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात: ठसा मूळ वस्तूच्या मापाचाच असतो, माशाचा मोडलेला पर, म्हणजे पोहण्याचा पंख, मोडलेलाच दिसतो आणि किडीने खाल्लेले पान खाल्लेलेच छापले जाते.

शिकण्याचा क्रम मुंबईच्या हवामानानेच ठरवून दिलेला आहे. यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते आणि त्या काळात बाजारात जी मासळी मिळते ती बरीचशी बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. नेमक्या त्याच महिन्यांत घाटापासून इमारतीच्या गच्चीवरच्या भेगेपर्यंत सगळीकडे हिरवे फुटलेले असते. तेव्हा पावसाळा पानांवर घालवावा, नारळी पौर्णिमेनंतर माशांकडे वळावे, आणि मोठे, जपून ठेवण्याजोगे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावे.

पानांसाठी पहिली शाई घरीच करता येते आणि ती एकदा तरी करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. निरांजन लावून त्यावर तांब्याची किंवा स्टीलची ताटली उपडी धरली की आपल्या आज्या डोळ्यांत घालायला जसे काजळ धरत तसे काजळ धरते. ते सुरीने खरवडून त्यात जवसाच्या तेलाचे दोनतीन थेंब घालून काचेच्या तुकड्यावर घोटावे. तेल जवसाचेच हवे, कारण ते हवेत हळूहळू सुकून घट्ट होते. खोबरेल कधीच सुकत नाही आणि चार दिवसांनी पानाभोवती तेलाचे पिवळट वलय पसरते. जवसाचेही जास्त झाले तर वलय येतेच, म्हणून काजळ लोण्याइतके घट्ट राहील एवढेच तेल घालावे. नेहमीच्या कामाला मात्र ब्लॉक प्रिंटिंगची पाण्यात धुता येणारी शाई सोयीची पडते. ती काळा घोडा आणि फोर्ट परिसरातल्या कलासाहित्याच्या दुकानांत मिळते, आणि तिथेच चार इंची रबरी रोलरही मिळतो. रोलर नसेल तर स्पंजाचा तुकडा मलमलीत बांधून केलेली पुरचुंडी चालते.

पान निवडताना रंग विसरावा आणि पान पालथे करून त्यावरून बोट फिरवावे. बोटाला शीर जाणवली तर ती कागदावर उतरणार. म्हणूनच जवळपास प्रत्येक पानाची मागची बाजू छापायची असते. पारिजातकाचे खरखरीत पान, घाणेरी, आपटा, पेरू, उंबर ही नवख्याला हमखास यश देणारी पाने आहेत. पिंपळाचे पान सुंदर उतरते, पण देठाशी शीर जाड असल्याने तिथे कागद उचललेला राहतो आणि ती जागा पांढरी पडते. पावसाळ्यात जुन्या भिंतींवर उगवणारे नेचे तर या कलेसाठीच जन्माला आले आहेत असे वाटावे इतके चपटे असतात. फक्त त्यांच्या पानामागचे बीजाणूंचे तपकिरी ठिपके आधी मऊ ब्रशाने झटकावेत, नाहीतर रोलरला चिकटून पुढच्या प्रत्येक ठशावर येतात. अळूच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. ज्या पानावर पावसाचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो त्या पानावर पाण्याची शाईही तशीच घरंगळते; त्याला तेलाचीच शाई लागते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा राणीच्या बागेत पान तोडू नये, आणि खाडीकाठचे तिवरही संरक्षित आहेत. सोसायटीचे आवार, भाजीवाल्याकडची टाकून दिलेली पाने आणि पावसाने रस्त्यावर पाडलेल्या फांद्या एवढ्यात एक पावसाळा सहज निघतो.

तोडलेले पान लगेच छापू नये. ते टिपून, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून, त्यावर चारपाच जाड पुस्तके ठेवावीत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. पान सपाट व्हावे, त्यातले वरवरचे पाणी निघून जावे, पण ते कडक वाळू नये, अशा मधल्या अवस्थेत ते हवे असते. जुलैत वर्तमानपत्र स्वतःच दमट असते, म्हणून ते आधी गरम इस्त्रीखालून काढावे. ही युक्ती मला उशिरा सुचली आणि तोपर्यंत बरीच पाने काळी पडून गेली.

आता काचेवर किंवा जुन्या टाइलवर वाटाण्याएवढी शाई घेऊन रोलर मागेपुढे फिरवावा. सुरुवातीला चिखलात चप्पल अडकल्यासारखा पचपच आवाज येतो. शाईचा थर पातळ होत गेला की तो आवाज बारीक होऊन एकसारखा चुरचुरू लागतो. तो चुरचुरीत आवाज आल्याशिवाय पानाला हात लावू नये. पान शिरांची बाजू वर करून रद्दी कागदावर ठेवावे, मधल्या शिरेपासून बाहेरच्या बाजूला रोलर फिरवावा, आणि देठ चिमट्यात धरून ते स्वच्छ कागदावर शाईची बाजू खाली करून अलगद टेकवावे. एकदा टेकवले की सरकवायचे नाही. वर पातळ कागद ठेवून डाव्या हाताने तो घट्ट धरावा आणि उजव्या अंगठ्याने मधली शीर, मग उपशिरा, मग कडा असे दाबत जावे. लाटण्याचा मोह आवरावा; लाटणे उंच शिरेवरून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंची दरी तशीच राहते. ती दरी बोटाच्या पेरालाच सापडते.

पहिला ठसा बहुधा गडद येतो. त्याच पानाला पुन्हा शाई न लावता दुसरा ठसा घ्यावा, आणि जमल्यास तिसरा. जाड शाई पहिल्या कागदाने उचललेली असते, त्यामुळे दुसऱ्यात शिरांच्या मधले बारीक जाळे उमटते, जे पहिल्यात बुजलेले होते. माझ्या संग्रहातली निम्म्याहून अधिक पाने ही अशी दुसऱ्या हाताची आहेत. एका पानाचे वीस ठसे घेतले की शाई किती पुरे होते हे हाताला कळते, आणि हे कळल्यावरच माशाकडे जावे, कारण पानाला पुन्हा संधी देता येते, पण दुपारी दोन वाजता मुंबईच्या उकाड्यात माशाला देता येत नाही.

माशाच्या बाबतीत पहिली अडचण बाजारातच येते. आपल्याकडे मासा विकत घेतला की तो साफ करून देणे हा मासळीवालीच्या दृष्टीने व्यवहाराचाच भाग असतो, आणि कोयत्याचा पहिला वार आपण पैसे काढेपर्यंत होऊनही जातो. म्हणून भाव ठरवण्याच्या आधी सांगावे. मी पहिल्यांदा म्हटले, “मावशी, साफ नका करू, खवले तसेच राहू द्या,” तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवून विचारले, “अगो, मग खाशील कशी?” छापायचा आहे हे सांगितल्यावर आजूबाजूच्या तीन पाट्यांवरचे व्यवहार थांबले. तेव्हापासून मात्र त्या माझ्यासाठी पर न मोडलेला मासा बाजूला काढून ठेवतात, आणि हे सहकार्य कोणत्याही महागड्या कागदापेक्षा मोलाचे आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला जाण्याची तयारी असेल तर निवड मोठी मिळते, पण टोपलीत कोंबलेल्या माशांची शेपटी तुटलेली नाही ना हे तिथे आपणच पाहून घ्यायचे असते.

कोणता मासा घ्यावा, याचे उत्तर खाण्याच्या आवडीनिवडीशी जुळत नाही. ठसा उंचसखलपणा टिपतो, रंग टिपत नाही. बांगड्याच्या पाठीवरच्या गडद आडव्या रेघा आणि सुरमईवरचे पट्टे हा केवळ रंग आहे, त्यातले कागदावर काहीही येत नाही, आणि हाती उरतो तो एक गुळगुळीत काळा आकार. पहिला मासा मोठ्या, ठळक खवल्यांचा आणि दोन्ही बाजूंनी चपटा असावा: तांबोशी, जिताडा, किंवा खाऱ्या पाण्याचा हट्ट नसेल तर सरळ अर्धा-पाऊण किलोचा रोहू. लेप हा चपटा मासा आपणहून सपाट पडतो आणि त्याची झालर फार देखणी येते. २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित झालेले पापलेट आकाराने मोहात पाडते, पण त्याचे बारीक खवले हात लागताच सुटतात, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नासाठी ठेवावे. मांदेली स्वस्त असते आणि कागद टाकण्याचा सराव करायला बरी पडते. बोंबलाचे नाव काढू नये. तो मासा म्हणजे पाण्याची पिशवी आहे. शिंगाळ्याच्या परांतले काटे विषारी असतात, त्यामुळे त्याच्याशी पर पसरवण्याचा खेळ करू नये.

मासा घरी आणताना पिशवीत बांधून बर्फावर ठेवावा, वितळलेल्या पाण्यात डुंबू देऊ नये. घरी आल्यावर बारीक मीठ घेऊन डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने चोळावे, चटकन धुवावे, आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत हे दोनतीनदा करावे. शेवटच्या खेपेला भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब चालतात. उलट दिशेने चोळले तर खवले उभे राहून निखळतात. यानंतर टिपकागदाने किंवा जुन्या सुती पंचाने मासा टिपावा, आणि ज्या वाटांनी आतले पाणी बाहेर येते त्या बंद कराव्यात: तोंडात, कल्ल्यांखाली आणि गुदद्वारात कापसाचे छोटे बोळे बसवावेत. हे न केल्यास कागद दाबताच पोटाखालून गुलाबी पाणी झिरपते आणि चांगला आलेला ठसा डोळ्यांदेखत फुटतो.

मग पर. मासा नुसता ताटात ठेवला तर त्याचे पर अंगाला चिकटतात आणि ठशात दिसतच नाहीत. जुन्या थर्मोकोलच्या झाकणात माशाच्या आकाराचा खळगा कोरून त्यात मासा बसवावा, म्हणजे त्याची वरची बाजू आणि पर साधारण एका पातळीत येतात. गणपतीनंतर घरात उरलेली शाडूची माती असेल तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून परांखाली आणि शेपटीखाली आधाराला द्यावी. उघडी माती ओल देते आणि करडे डाग पाडते. पर बोटाने पसरून पहिल्या काट्याच्या पुढे टाचणी तिरकी रोवावी आणि पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. परांचा पातळ पडदा या वेळात सुकतो आणि टाचण्या काढल्या तरी पर पसरलेलेच राहतात. हे होत असताना अंगही कोरडे होते. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श करून पाहावा. थंड लागले तरी ओले लागता कामा नये.

शाई एक इंची सपाट ब्रशाने लावावी. प्रथम डोक्याकडून शेपटीकडे सगळीकडे पातळ हात द्यावा, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने शेपटीकडून डोक्याकडे एकदा यावे, म्हणजे प्रत्येक खवल्याच्या मोकळ्या कडेखाली शाई जाते आणि ठशात ती कड रेघेसारखी उठून दिसते. डोळा सोडून द्यावा. परांच्या काट्यांमधली साचलेली शाई टिपावी. यानंतर माशाखालचा शाईने माखलेला कागद काढून स्वच्छ कागद सरकवावा. घाईत हीच पायरी सुटते आणि ठशाभोवती काळा चिखल छापला जातो. आणि कागद हातात घेण्यापूर्वी पंखा बंद करावा. हे हास्यास्पद वाटेल, पण पंख्याच्या वाऱ्याने पातळ कागद माशावर एकदा भलत्या जागी टेकला की त्याला क्षमा नसते.

कागद मऊ आणि चिवट हवा, कारण तो माशाच्या फुगवट्यावर वळला पाहिजे. तुतीच्या सालीचा जपानी कागद किंवा नेपाळी लोकता उत्तम. जाड चित्रकलेचा कागद निरुपयोगी. पहिल्या सरावाला मंगळदास मार्केटमधली साधी मलमल घ्यावी आणि तिची खळ धुऊन, इस्त्री करून वापरावी. कागद दोन्ही हातांनी ताणून धरून त्याचा मध्य माशाच्या अंगाच्या मध्यावर टेकवावा, तिथून पाठीकडे आणि पोटाकडे तळव्याने चेपावे, मग डोके, आणि शेवटी बोटांच्या टोकांनी एकेक पर. अंगावर कागद गोलाकार गुंडाळला जातो त्यामुळे ठशातला मासा खऱ्यापेक्षा किंचित रुंद येतो. पोटाच्या कडेपर्यंत न जाता थोडे आधी थांबले तर तो लठ्ठ दिसत नाही. शेपटीकडून डोक्याकडे सावकाश कागद उचलावा. शाईचा पातळ हात देत तीनचार ठसे घ्यावेत. त्यापलीकडे खवल्यांमध्ये शाई साचते आणि पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी लागते.

डोळा मासा समोर असतानाच रंगवावा, आठवणीने रंगवू नये. कडेचे बारीक वलय, आतली बाहुली, आणि उजेडाचा एक ठिपका कागदाचाच पांढरा सोडलेला, एवढे पुरते. बऱ्याच माशांची बाहुली अगदी गोल नसते, तोंडाच्या दिशेला किंचित निमुळती असते. तेवढे जमले की मासा बघायला लागतो.

ही थेट पद्धत झाली. दुसऱ्या, अप्रत्यक्ष पद्धतीत शाई माशाला लागतच नाही: ओलसर पातळ कागद माशावर चिकटवून, तो जवळपास सुकल्यावर, रेशमी चिंधीत कापूस बांधून केलेल्या बोंडाने शाई वरून टिपत जायची. त्यात रंगांचे थर देता येतात आणि चिंबोरी किंवा तिसऱ्यांचे शिंपले छान उतरतात, पण त्याला तासन्‌तास लागतात. वर्षभर थेट पद्धत केल्याशिवाय तिकडे वळण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

मासा नंतर खायचा का, हा प्रश्न घरात विचारला जातोच. जपानी कोळी काजळ आणि सरस यांची सुमी शाई वापरून मासा धुऊन घेत. अॅक्रिलिक किंवा छपाईची शाई लावलेला मासा खाऊ नये, आणि शाई कोणतीही असली तरी तास-दोन तास उकाड्यात राहिलेला मासाही खाऊ नये. वाया घालवायचेच नसेल तर माकुलाची शाई वापरून झटपट एकच ठसा घ्यावा आणि मासा लगेच धुऊन तव्यावर टाकावा. ती शाई तपकिरी, मऊ येते; मात्र त्या कागदाला काही दिवस वास राहतो, हे कपाटात ठेवण्याआधी ध्यानात घ्यावे.

सुकलेला पातळ कागद चुरगळलेला दिसतो. त्याला मागून दुसरा कागद डकवण्यासाठी मैद्याची पातळ खळ करावी, ठसा काचेवर पालथा ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारावा, ब्रशाने सुरकुत्या काढाव्यात आणि खळ लावलेला कागद वरून बसवावा. शाई पाण्याने फुटणारी असेल तर हे करू नये. बाइंडिंग करणारे खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा त्याचे भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये. फ्रेम करताना काच ठशाला टेकू देऊ नये आणि समुद्राच्या बाजूच्या ओल्या भिंतीवर ती टांगू नये, नाहीतर पुढच्या ऑगस्टपर्यंत बुरशीचे ठिपके येतात.

प्रत्येक ठशाखाली पेन्सिलीने माशाचे स्थानिक नाव, तारीख, लांबी आणि बाजार लिहावा, आणि ठसा बरा आला की नाही हे ठरवण्यासाठी तो ज्यांच्याकडून मासा घेतला त्यांना दाखवावा. माझे पहिले जमलेले पापलेट मी अभिमानाने मावशींकडे नेले. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कागद उजेडात धरला, आणि शेपटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “पापलेटाची शेपूट खालून लांब असते. तुझी दोन्हीकडं सारखी. खालची दुमडली होती, बघितली नाहीस तू.” खरेच होते, शाडूच्या आधाराखाली ते टोक वळलेले राहिले होते. त्यांनी बर्फातून दुसरे पापलेट काढले, शेपटी सरळ करून दाखवली आणि तराजूत टाकले.